अकरावीचे पहिले प्रकरण आणि टाकी भरण्याचा प्रश्न

अकरावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवात एकके आणि मापन या प्रकरणाने होते, आणि बहुतेक घरांत या प्रकरणाकडे सोपे प्रकरण म्हणूनच पाहिले जाते. शिकवणीच्या वर्गांत ते भरभर उरकतात, कारण पुढे सदिश, गती, बल, ऊर्जा असा मोठा पसारा असतो. आणि दहावी झालेल्या मुलाला किलोमीटरचे मीटर करायला कसली अडचण येणार, असे पालकांनाही वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. वर्षभर जी गणिते हुकतात, त्यांतली पुष्कळशी या पहिल्या प्रकरणात कच्चे राहिलेल्या पायामुळे हुकतात. सूत्र पाठ असते, ते कुठे लावायचे हेही कळलेले असते, आणि तरी उत्तर साठपट किंवा शंभरपट चुकते. मग मुलगा 'मला फिजिक्स जमत नाही' असे म्हणू लागतो. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्याला भौतिकशास्त्र जमलेले असते आणि फक्त आकड्याच्या शेजारचे एकक लिहायचे राहिलेले असते.

मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्रेशर गेजचे कॅलिब्रेशन करते, म्हणजे दाबमापके बरोबर आकडा दाखवतात का ते तपासते. दिवसभर माझा संबंध बार, पास्कल, पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटर या दाबाच्या एककांशी येतो, त्यामुळे नात्यातल्या कोणत्याही मुलाचे असे गणित अडले की ते माझ्याकडे येते. यंदा माझा भाचा अकरावी सायन्सला गेला. तो दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी राहतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, बोलणे घरी मराठीत आणि गल्लीत गुजरातीत, असे आम्हा बडोदेकरांच्या मुलांचे असते तसेच त्याचेही आहे. गृहपाठाच्या एका कागदावर एकके बदलण्याचे प्रश्न होते आणि त्यांतल्या एका प्रश्नाचा फोटो त्याने रात्री मला पाठवला. खाली लिहिले होते, 'आत्या, उत्तर जुळत नाहीये, बरोबर रीत पाठव ना.'

मी रीत पाठवली नाही. वही घेऊन ये, असे कळवले. या प्रकारच्या गणितात बरोबर रीत पाठवून काहीच साधत नाही, कारण ती वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि आपली पायरी नेमकी कुठे वेगळी पडली हे मात्र कळत नाही. मदत करणाऱ्याने आधी मुलाने काय लिहिले आहे ते वाचावे, आणि खोडलेलेही वाचावे.

प्रश्न असा होता: २.५ सेंटिमीटर अंतर्गत व्यास असलेल्या नळातून पाणी सेकंदाला १.२ मीटर या वेगाने वाहत आहे. ५०० लिटरची टाकी भरायला किती मिनिटे लागतील? कागदाच्या मागे उत्तर छापले होते, १४ मिनिटे. भाच्याच्या वहीत पाच ओळी होत्या. पहिलीत ३.१४ गुणिले १.२५ गुणिले १.२५ बरोबर ४.९. दुसरीत ४.९ भागिले १०० बरोबर ०.०४९. तिसरीत ०.०४९ गुणिले १.२ बरोबर ०.०५८८. चौथीत ५०० लिटर बरोबर ०.५. पाचवीत ०.५ भागिले ०.०५८८ बरोबर ८.५, आणि त्याभोवती पेन्सिलीने गोल. चौथ्या ओळीतला 'लिटर' हा शब्द सोडला तर संपूर्ण उत्तरात एकही एकक नव्हते.

साडेआठ आणि चौदा हे आकडे एकमेकांपासून फार लांब वाटत नाहीत, त्यामुळे कुठेतरी गुणाकारात किरकोळ चूक झाली असेल अशा समजुतीने तो आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसला होता. पायची किंमत जास्त दशांशांपर्यंत घेऊनही त्याने पाहिली होती.

"हे साडेआठ काय आहेत?" मी विचारले.

"मिनिटं."

"कशावरून?"

"प्रश्नात मिनिटंच विचारलीयेत ना, आत्या."

या एका उत्तरात सगळा घोटाळा उघड झाला. एकक हे गणिताच्या शेवटी प्रश्न पाहून चिकटवायचे असते, अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याच्या एकट्याची नाही. ज्या ज्या मुलांच्या वह्या मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांत आकडे पहिल्या ओळीपासून एकटेच धावतात आणि एकक शेवटच्या ओळीत उगवते. वास्तविक मापन म्हणजे आकडा आणि एकक यांचा गुणाकार. ४.९ चौरस सेंटिमीटर याचा अर्थ ४.९ गुणिले एक चौरस सेंटिमीटर, आणि हा दुसरा गुणक बीजगणितातल्या अक्षराप्रमाणेच वागतो: त्याचा वर्ग होतो, घन होतो, तो अंशातून छेदात जातो, आणि वर-खाली सारखा आला की कटतो.

म्हणून मी त्याला पाचही ओळी जशाच्या तशा, फक्त एककांसकट, पुन्हा लिहायला सांगितल्या. शेवटच्या ओळीत अंशात ०.५ घनमीटर आले, छेदात ०.०५८८ घनमीटर प्रति सेकंद आले, घनमीटर कटले, आणि उरले ते सेकंद. म्हणजे त्याचे उत्तर साडेआठ सेकंद होते. ते लिहून झाल्यावर मला काही बोलावे लागले नाही. घरच्या गच्चीवरची टाकी भरायला मोटार किती वेळ चालवावी लागते हे त्याला ठाऊक आहे. "आठ सेकंदांत तर बादलीही नीट भरत नाही," असे तो आपणहून म्हणाला.

आता खरी चूक शोधणे सोपे झाले. चौदा मिनिटे म्हणजे ८४० सेकंद. ८४० ला साडेआठने भागले की जवळजवळ शंभर येतात. उत्तर नेमके शंभरपट चुकले असेल, तर वहीत कुठेतरी शंभराचा गुणक कमी किंवा जास्त लागला आहे हे नक्की, आणि तो दुसऱ्या ओळीतच असणार. तिथे चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करण्यासाठी त्याने शंभराने भागले होते. भागायला हवे होते दहा हजारांनी.

उत्तर किती पटींनी चुकले आहे हे पाहण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते. उत्तर साठपट चुकले तर मिनिट आणि सेकंद यांची गल्लत झालेली असते. हजारपट चुकले तर ग्रॅम-किलोग्रॅम किंवा लिटर-घनमीटर यांत पाहावे. ९.८ पटींनी चुकले तर वजन आणि वस्तुमान एकमेकांच्या जागी गेले असण्याची शक्यता असते. तेरापटीच्या आसपास चुकले, तर ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ३.६ ने भागायच्या ऐवजी गुणले गेले आहे, कारण ३.६ चा वर्ग १२.९६ होतो. आणि अशा नळाच्या गणितात चौपट चुकले, तर एककाला दोष देऊ नये. त्रिज्येच्या जागी व्यास घेतला गेला आहे का ते पाहावे. 'उत्तर चुकले' एवढेच म्हणून वही मिटणाऱ्या मुलाला ही वाट कोणी दाखवतच नाही.

शंभर की दहा हजार, हा प्रश्न मात्र तेवढ्यावर सोडून चालणार नव्हते. 'क्षेत्रफळ आहे म्हणून वर्ग करायचा' असे सांगितले की मुले मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. सुदैवाने बडोद्यात यासाठी लांब जावे लागत नाही. आमच्याकडे जमिनीचा भाव वारावर, म्हणजे चौरस वारावर, बोलला जातो, फ्लॅटचा चौरस फुटांवर, आणि दस्तात आकडा चौरस मीटरमध्ये असतो. भावाच्या घरी प्लॉटच्या गोष्टी चालू असतात, त्यामुळे दीडशे वार म्हणजे साडेतेराशे चौरस फूट हे भाच्याच्या कानावरून गेलेले होते. मी त्याला विचारले, एका वारात फूट किती? तीन. मग दीडशेला तिनाने न गुणता नवाने का गुणतात? त्याने वहीत एक चौरस काढला, दोन्ही बाजूंचे तीन-तीन भाग केले आणि घरे मोजली. मग तोच चौरस एक मीटर बाजूचा आहे असे धरून प्रत्येक बाजूचे शंभर भाग केले तर घरे किती होतील, हे विचारावे लागले नाही. शंभर आडवे, शंभर उभे, दहा हजार. घनमीटरला दहा लाख घन सेंटिमीटर कसे, हे त्याने पाठोपाठ स्वतः लिहिले, आणि एक लिटर म्हणजे एक हजार घन सेंटिमीटर असल्याने घनमीटरला हजार लिटर हेही जुळले.

दुरुस्त केलेले गणित असे झाले. ४.९ चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.०००४९ चौरस मीटर. त्याला सेकंदाला १.२ मीटरने गुणले की सेकंदाला ०.०००५८८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.५८८ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३५ लिटर. पाचशे लिटरला चौदा मिनिटे आणि थोडे अधिक. हे 'थोडे अधिक' किती दशांशांपर्यंत लिहायचे, असे त्याने विचारले. दिलेला व्यास २.५ आणि वेग १.२ असा दोन-दोन सार्थ अंकांतच, म्हणजे खरोखर मोजलेल्या अंकांतच, आहे, तेव्हा १४.१७ मिनिटे लिहिणे म्हणजे मोजणाऱ्याने न मोजलेली अचूकता त्याच्या नावावर लिहिणे होय. १४ मिनिटे हेच प्रामाणिक उत्तर आहे. साठ सेकंदांचे एक मिनिट किंवा २५.४ मिलिमीटरचा एक इंच हे आकडे व्याख्येने ठरलेले आहेत. १९५९ मध्ये वाराची आंतरराष्ट्रीय लांबी ०.९१४४ मीटर अशी निश्चित झाली, तेव्हापासून इंचही नेमका २५.४ मिलिमीटरचाच आहे. अशा आकड्यांमुळे उत्तराचे सार्थ अंक कमी होत नाहीत.

यानंतर मी त्याला एकके बदलण्याची एकच रीत दाखवली, आणि बाकीच्या सगळ्या क्लृप्त्या काही काळ बाजूला ठेवायला सांगितल्या. एक किलोमीटर आणि एक हजार मीटर ही एकच लांबी आहे, म्हणून 'हजार मीटर भागिले एक किलोमीटर' या अपूर्णांकाची किंमत एक होते. कोणत्याही राशीला एकाने गुणले तर ती बदलत नाही, फक्त तिचे लिहिण्याचे रूप बदलते. ताशी ७२ किलोमीटर घ्या. त्याला 'हजार मीटर भागिले एक किलोमीटर' याने गुणा, किलोमीटर कटतील. मग 'एक तास भागिले ३६०० सेकंद' याने गुणा, तास कटतील. उरतील सेकंदाला २० मीटर. अपूर्णांक उलटा लिहिला गेला तर एकक कटत नाही, वर-खाली न राहता त्याचा वर्ग होऊन बसतो, आणि चूक त्याच ओळीत डोळ्यांना दिसते. गुणायचे की भागायचे, हा प्रश्नच या रीतीत उद्भवत नाही, कारण ते एककच सांगते.

शिकवणीच्या वर्गांत याच्या जागी पाच अठरांश पाठ करून घेतात. तो आकडा चुकीचा नाही. हजार भागिले छत्तीसशे यांचेच ते संक्षिप्त रूप आहे, आणि परीक्षेत वेळ वाचतो हेही मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ज्याला तो कुठून आला हे माहीत नाही, त्याला तो कुठे चालत नाही हेही माहीत नसते. भाच्याच्या कागदावर पुढचाच प्रश्न त्वरणाचा होता: तासाच्या वर्गाला किलोमीटर या एककात दिलेले त्वरण सेकंदाच्या वर्गाला मीटर यात लिहा. त्याने सवयीने पाच अठरांशने गुणले होते. नव्या रीतीने लिहिताना तासाचा अपूर्णांक दोनदा लावल्याशिवाय तासाचा वर्ग कटेना, आणि १२,९६० किलोमीटर प्रति तास वर्ग म्हणजे एक मीटर प्रति सेकंद वर्ग, हे त्याच्या हातून सरळ उतरले.

फोनवर एकके बदलून देणारी साधने आहेत, मग हे सगळे हाताने कशाला, असा प्रश्न भावाने मध्येच विचारला. त्या साधनांविषयी माझी तक्रार नाही. कामावर मीही ती वापरते. परंतु ज्याने वहीत ४.९ च्या पुढे काहीच लिहिलेले नाही, तो त्या साधनात सेंटिमीटर निवडेल की चौरस सेंटिमीटर, हे कोण सांगणार? साधन दिलेले तेच बदलून देते.

एककाविना लिहिलेला आकडा किती दूर नेऊन सोडतो याचे विमानोड्डाणाच्या इतिहासात नोंदलेले एक उदाहरण मी त्याला सांगितले, कारण ते हुबेहूब या वहीसारखे आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानात इंधन भरायचे होते. इंधनाचे मापक बंद असल्याने टाकीतले लिटर मोजून त्यांचे किलोग्रॅम करायचे होते. कागदावर गुणक होता १.७७. तो पौंड प्रति लिटर होता. किलोग्रॅम प्रति लिटर हवे असतील तर तो सुमारे ०.८ घ्यायला हवा होता. उत्तर किलोग्रॅममध्ये आहे असे धरले गेले आणि विमान गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन निघाले. सुमारे ४१,००० फुटांवर इंधन संपले. वैमानिकांनी बंद इंजिनांचे विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि सगळे प्रवासी वाचले. १.७७ च्या पुढे पौंड हा शब्द प्रत्येक ओळीत लिहिला गेला असता, तर तो शेवटच्या ओळीत उरला असता.

घरात शिरलेले पुराचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्या बडोदेकर मुलांना क्युसेक हा शब्द नवा नाही. पावसाळ्यात आमच्या वर्तमानपत्रांत विश्वामित्री नदीची पातळी फुटांत येते, आजवा जलाशयाची पातळी फुटांत येते, पाऊस कधी मिलिमीटरमध्ये तर कधी इंचांत येतो, आणि सोडलेले पाणी क्युसेकमध्ये. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती पस्तीस फुटांच्याही वर गेली होती, हे आकडे शहरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. म्हणून मी गृहपाठाबाहेरचा एकच प्रश्न त्याला घातला: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला किती लिटर? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्याने ०.३०४८ चा अपूर्णांक तीनदा लिहिला, घनफूट कटले, आणि सेकंदाला ०.०२८३ घनमीटर, म्हणजे २८.३ लिटर आले. एकदाच गुणून थांबला असता तर उत्तर जवळजवळ पावणेअकरा पट मोठे आले असते. मग त्याने स्वतःच हजार क्युसेक केले, लाख क्युसेक केले, आणि लाखाला सेकंदाला २८३० घनमीटर येतात हे पाहून आपल्या गच्चीवरच्या टाकीशी ताडून पाहिले. हा वेळ वाया गेला असे मला मुळीच वाटले नाही. आकडा एकदा ओळखीच्या वस्तूशी जोडला गेला की पुढच्या गणितात अशक्य उत्तर आले तर मुलगा आपसूक थबकतो.

पुढच्या खेपेस मी त्याला एक जुने प्रेशर गेज हातात दिले. तबकडीवर दोन पट्ट्या असतात, बाहेरची किलो प्रति चौरस सेंटिमीटरची आणि आतली पीएसआयची. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर 'पाच किलोचं प्रेशर' असेच बोलतात. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला उरलेले ठाऊक असते, म्हणून काम अडत नाही. शिकणाऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणून त्याने ते पूर्ण लिहिले पाहिजे. एक किलो म्हणजे इथे एक किलोग्रॅम वस्तुमानावरचे गुरुत्वबल, ९.८०६६५ न्यूटन, आणि ते एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे चौरस मीटरच्या दहा हजाराव्या भागावर. भागाकार केला की ९८,०६६.५ पास्कल (चौरस मीटरला न्यूटन), म्हणजे ०.९८ बार. इथे क्षेत्रफळाचा तोच दहा हजार पुन्हा भेटतो, फक्त तो आता छेदात असल्याने उत्तर वाढते, आणि टाकीच्या गणितात जे कमी झाले ते इथे का वाढले यावर भाचा बराच वेळ विचार करत बसला. किलो आणि बार यांतला फरक दोन टक्क्यांच्या आतलाच आहे, म्हणून पुष्कळ जण ते एकच धरतात. परंतु पूर्ण मापाच्या एक टक्क्याइतकी अचूकता ज्या गेजकडून अपेक्षित आहे, ते दहा बारच्या जागी दहा किलोवर तपासले, तर फरकच त्याच्या मर्यादेबाहेर जातो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाशी सुमारे एक किलोचा दाब मिळतो, हेही त्याला सांगून टाकले.

कागदावरचे शेवटचे दोन प्रश्न त्याने जवळजवळ स्वतःच सोडवले. गुरुत्वीय स्थिरांक ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात, एकक घनमीटर प्रति किलोग्रॅम प्रति सेकंद वर्ग. तो सेंटिमीटर-ग्रॅम पद्धतीत लिहायचा. घनमीटरचे दहा लाख घन सेंटिमीटर, छेदातल्या किलोग्रॅमचे हजार ग्रॅम, सेकंद तसेच. दहा लाख भागिले हजार म्हणजे हजार, म्हणून दहाचा उणे आठवा घात. दुसरा प्रश्न मुलांना नेहमी घाबरवतो: वस्तुमानाचे एकक अल्फा किलोग्रॅम, लांबीचे बीटा मीटर आणि काळाचे गॅमा सेकंद असेल, तर ४.२ ज्यूलचा एक कॅलरी नव्या एककांत किती? अक्षरांमुळे तो अवघड दिसतो. मी त्याला अल्फा दहा, बीटा दहा आणि गॅमा साठ धरायला सांगितले. दहा किलोग्रॅमचे एकक झाले की किलोग्रॅमचा आकडा दहाव्या भागावर येतो, लांबीचा वर्ग असल्याने तिथे शंभराव्या भागावर, आणि काळाचा वर्ग छेदात असल्याने ३६०० पट वर. ४.२ चे १५.१२ झाले. एकक मोठे घेतले की आकडा लहान होतो आणि छेदातले एकक मोठे घेतले की आकडा मोठा होतो, हे आकड्यांत दिसल्यावर अल्फा, बीटा, गॅमा परत ठेवणे हे फक्त लेखनाचे काम उरले.

एका बाबतीत मात्र एकाने गुणण्याची ही रीत अपुरी पडते, आणि ते सांगितल्याशिवाय मी त्याला उठू दिले नाही. सेल्सिअस, फॅरनहाइट आणि केल्विन यांची शून्ये वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. ३७ अंश सेल्सिअसचे ९८.६ अंश फॅरनहाइट करताना १.८ ने गुणून ३२ मिळवावे लागतात, आणि केल्विन करताना २७३.१५ मिळवावे लागतात. नुसता गुणक पुरत नाही. पण जिथे तापमानातला फरक आहे तिथे शून्याचा संबंध उरत नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता ग्रॅमला, अंश सेल्सिअसला ४.२ ज्यूल अशी दिली आणि ती किलोग्रॅमला, केल्विनला विचारली, तर ग्रॅमचे किलोग्रॅम करून ४२०० लिहायचे आणि २७३ ला हात लावायचा नाही, कारण 'अंशामागे' याचा अर्थ एका अंशाच्या वाढीमागे असा आहे, आणि एक अंश सेल्सिअसची वाढ व एक केल्विनची वाढ सारखीच असते. उष्णतेचे प्रकरण त्यांच्याकडे दुसऱ्या सहामाहीत आहे. तेव्हा हीच वही घेऊन ये, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.